कळसूबाई बुडेल एवढं पाणी

बैकलवरचा बर्फ काळा दिसतो. तो इतका नितळ आहे, की आपल्याला दिसतो तो त्याच्या खालचा अंधार. मी गुडघे टेकून, दोन्ही तळहातांचा आडोसा करून खाली बघतेय. सैबेरियातली मार्चची सकाळ, लख्ख ऊन, हवा उणे वीस अंशांच्या आसपास. बर्फाच्या आत पांढऱ्या भेगांचे पडदे उभेच्या उभे उतरत गेलेत. त्यांच्या मधल्या जागेत वायूचे चपटे बुडबुडे एकावर एक गोठलेत. तळातून वर निघालेला वायू, बर्फ धरत असताना जिथे सापडला तिथेच अडकून बसलाय. त्याच्याही खाली काही नाही. नुसतं पाणी. पोटात गोळा येतो आणि तरी नजर हटत नाही.

किती पाणी? सर्वांत खोल जागी 1642 मीटर. जगातलं सर्वांत खोल सरोवर हे. नुसत्या आकड्याने काही उमगत नाही, म्हणून कळसूबाई आठवून बघा. बारी गावातून पहाटे निघायचं, शिड्या चढायच्या, धापा टाकायच्या, आणि वर देवीच्या इवल्याशा देवळापाशी पोचल्यावर पायाखाली अख्खा महाराष्ट्र पसरल्यासारखा वाटतो. ते शिखर समुद्रसपाटीपासून 1646 मीटर उंच. समुद्रसपाटीपासूनचा तो सगळा डोंगर उचलून बैकलच्या त्या खोल डोहात ठेवला, तर चार मीटर वर राहतील. देवीचं देऊळ तेवढं बाहेर, बाकी कळसूबाई पाण्यात!

आणि हा डोह काही एखाद्या कोपऱ्यातला खड्डा नाही. सरोवराची लांबी 636 किलोमीटर. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा आपला अख्खा किनारा पूर्वापार 720 किलोमीटरचा मानला जातो, त्याच्याहून थोडंसंच कमी. पुणे आणि अहिल्यानगर हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढी जमीन होईल, जवळपास तेवढ्यावर हे पाणी आहे. साठा साधारण 23 हजार 600 घन किलोमीटर. कोयना धरण भरलं की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते. बैकलमध्ये तशी जवळजवळ आठ हजार कोयना धरणं मावतील. जगातलं जमिनीवरचं न गोठलेलं गोडं पाणी जेवढं आहे, त्याचा पाचवा हिस्सा या एका सरोवरात आहे.

वयही तसंच. इथे पृथ्वीचं कवच अडीच कोटी वर्षांपूर्वी फाटायला लागलं, अजून फाटतंय. तीनशेहून जास्त नद्या-ओढे त्यात येऊन पडतात आणि बाहेर पडते एकटी अंगारा. एकदा आत आलेलं पाणी सरासरी तीन-साडेतीनशे वर्षं आतच राहतं. म्हणजे 1674 साली रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक होत होता, त्या सुमाराला आत आलेल्या पाण्याची आज कुठे बाहेर पडायची वेळ झाली असेल. हे कळल्यावर अंगाराच्या मुखाशी उभं राहणं वेगळंच होऊन जातं. सगळं सरोवर गोठलेलं असताना तिथे मात्र पाणी धो धो वाहतं, वाफा निघत असतात आणि हजारो बदकं त्या उघड्या पाण्यात हिवाळा काढतात. नदीच्या तोंडाशी एक खडक डोकं वर काढून बसलाय. इथले लोक सांगतात, अंगारा ही बैकलची एकुलती एक लेक. येनिसेई नदावर तिचं मन जडलं, ती रातोरात पळाली, आणि संतापलेल्या बापाने तिला अडवायला हा धोंडा फेकला. लेक थांबली नाही.

बैकलचा बर्फ बोलतो. कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. दिवसा उन्हाने फुगतो, रात्री थंडीने आखडतो, आणि तडकतो. पहिल्या रात्री मला वाटलं डोंगरात सुरुंग लावलाय. धडाम् करून आवाज, मग त्याची लांबत जाणारी शीळ, एका किनाऱ्याकडून दुसऱ्याकडे धावत गेलेली. नंतर पोटात गुरगुरल्यासारखं काहीतरी. सकाळी बाहेर येऊन बघावं, तर काल जिथून चालत गेलो तिथे कोयत्याने उभा वार करावा तशी नवी भेग. जिथे बर्फाचे दोन पट्टे एकमेकांवर चालून येतात तिथे शिळांची रांगच उभी राहते, माणसाच्या डोक्यापर्यंत पोचेल एवढी उंच. ऊन त्यातून आरपार येतं आणि मग तो निळा! मोरपंखी म्हणावं तर त्यात हिरवा जास्त, आकाशी म्हणावं तर फार गडद. पैठणीच्या काठात असा रंग मी पाहिलाय, निसर्गात नाही.

ओल्खोन हे सरोवरातलं सर्वांत मोठं बेट. उन्हाळ्यात तिथे बोटीने जातात, हिवाळ्यात बर्फावरूनच गाड्या जातात. खुझिर गावाबाहेर शामांका नावाचा दोन सुळक्यांचा खडक आहे, अंगावर तांबूस दगडफूल चढलेला. इथल्या बुर्यात लोकांचं हे फार मोठं देवस्थान. वरच्या टेकाडावर लाकडी खांबांची रांग आहे, तेरा खांब, खालपासून वरपर्यंत रंगीत फितींनी मढलेले. निळ्या सर्वांत जास्त, मग पिवळ्या, हिरव्या, लाल, पांढऱ्या. वारा सुटला की सगळं टेकाड फडफडायला लागतं. आपल्याकडे घाटात एखाद्या देवीच्या झाडाला नवसाच्या चिंध्या बांधलेल्या असतात, तीच श्रद्धा, फक्त इथे थंडी अशी की गाठ मारताना बोटं बधिर होतात. आमच्या गाडीचे चालक बुर्यात होते, साठीच्या पुढचे. बर्फावर गाडी घालण्याआधी ते उतरले, पेल्यात थोडं दूध ओतलं, त्यात अनामिका बुडवली आणि चारी दिशांना थेंब उडवले. मग उरलेलं स्वतः प्यायले. मला एकदम आजोबा आठवले, जेवायला बसण्याआधी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालणारे. त्या थेंबांचा मान सरोवराचा. त्याच्या अंगावरून जायचं तर त्याला आधी विचारायचं.

इतकं अफाट, इतकं थंड, इतकं जुनं पाणी. त्याला एक-दोन अंशांनी काय होणार? हे नुसतं माझ्या मनात आलं नाही, शास्त्रज्ञांनाही पुष्कळ वर्षं असंच वाटत होतं. बदल टिपायचे तर लहान, उथळ तळी बघावीत. बैकलला धक्का लागायचा झाला तर तो सगळ्यात शेवटी. तसं झालं नाही, आणि हे जगाला कळलं ते एका घराण्यामुळे.

त्या घराण्याने जिथे काम केलं ती जागा मी पाहिली. किनाऱ्यावरच्या लिस्तव्यांका गावाच्या पुढे बोल्शिये कोती नावाचं चिमुकलं गाव आहे, तिथवर सडक नाही. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात बर्फ. इर्कुत्स्क शहरातल्या विद्यापीठाचं संशोधन केंद्र त्या गावात आहे. किनाऱ्यापासून काही अंतरावर सरोवरातलं एक ठरावीक ठिकाण आहे, ‘पहिलं स्थानक’ एवढंच त्याचं नाव. बघायला तिथे काहीही नाही, सगळीकडे असतो तसाच बर्फ. 1945 साली, महायुद्ध सुरू असतानाच, मिखाईल कोझोव नावाचे प्राध्यापक तिथे नियमाने जायला लागले. पाण्याचं तापमान घ्यायचं, जाळी खाली सोडून तरंगते जीव गोळा करायचे, मोजायचे, वहीत लिहायचे. दर सात-दहा दिवसांनी! उन्हाळ्यात वादळी लाटांवर बोटीतून, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून. त्यांच्यानंतर त्यांची मुलगी ओल्गा कोझोवा यांनी ते चालू ठेवलं. त्यांच्यानंतर नात, ल्युबोव इझमेस्तेवा. मधल्या काळात स्टालिन गेला, सोव्हिएत संघ गेला, पगाराची भ्रांत पडावी असे दिवस आले आणि गेले. वहीतली नोंद थांबली नाही. वारीची परंपरा आपल्या घराण्यांमधून चालते, आजोबा, आई, नात, ती मला समजते. पण पाण्यात जाळी सोडण्याची वारी, तीही उणे तीस अंशांत, साठ-साठ वर्षं? मी तिथे उभी राहून मनातल्या मनात हात जोडले.

नमुना घेताना मी पाहिला. एक तरुण संशोधिका, गाल थंडीने लालबुंद, हातात नुसते लोकरीचे मोजे. गिरमिटाने पाडलेल्या भोकात वरचा बर्फाचा चुरा तरंगत होता. तिने तो झाऱ्याने काढून टाकला. मग रेशमी कापडाची लांबट जाळी, नरसाळ्यासारखी, तळाशी छोटी कुपी लावलेली. हातरहाटाची दोरी सुटत गेली, सुटत गेली, थांबायचं नावच घेईना. वर आल्यावर त्या कुपीतलं पाणी तिने काचेच्या बरणीत ओतलं आणि बरणी माझ्या हातात दिली, उन्हाकडे धरून बघा म्हणाली. आधी काहीच दिसेना. मग दिसलं. तांदळाच्या कणीहूनही लहान, जेमतेम दीड मिलिमीटरचे, पारदर्शक ठिपके. स्थिर राहतात, आणि एकदम झटका मारून पुढे जातात. पुन्हा स्थिर, पुन्हा झटका. बरणी नुसती जिवंत आहे!

हा एपिशुरा. बैकलचा अस्सल रहिवासी. खेकडा-कोळंबीचाच दूरचा भाऊबंद, आणि कोट्यवधींच्या संख्येने पाणी गाळत बसणारा. त्याला थंडीच मानवते. बैकलचं पाणी वसंतात 40 मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, त्यात याचा वाटा मोठा. याला खाऊन ओमूल मासा वाढतो आणि गोलोम्यांका वाढते. गोलोम्यांका म्हणजे खवले नसलेला, अर्धपारदर्शक, अंगात तिसरा हिस्सा चरबी असलेला विलक्षण मासा. तो अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो. आणि गोलोम्यांकावर जगते नेर्पा, फक्त गोड्या पाण्यात राहणारी जगातली सीलची एकमेव जात. सगळा डोलारा या ठिपक्यांवर उभा आहे.

तीन पिढ्यांच्या त्या वह्यांचा हिशेब 2008 साली रशियन आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून जगापुढे मांडला. 1946 पासूनच्या साठ वर्षांत बैकलच्या वरच्या पाण्याचं तापमान 1.21 अंशांनी वाढलं होतं. पाण्यातलं हरितद्रव्य, म्हणजे पर्यायाने शेवाळ, 1979 पासून उन्हाळ्यात तिपटीने वाढलं होतं. आणि एपिशुराच्या शेजारी राहणारे, उबदार पाणी आवडणारे जलपिसवांच्या जातीचे जीव 335 टक्क्यांनी वाढले होते. बर्फाच्या नोंदी तर आणखी जुन्या. 1869 ते 2000 या काळात सरोवर बर्फाविना राहण्याचा मोसम 18 दिवसांनी लांबला. 1949 ते 2000 या काळात बर्फाची जाडी 12 सेंटिमीटरने कमी झाली.

12 सेंटिमीटर म्हणजे काय? त्याच भोकापाशी उभं राहून मी हे विचारलं. ती मुलगी वाकली, बर्फाच्या खालच्या कडेला तळहात फिरवून वर आणला. तपकिरी बुळबुळीत थर. बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटून वाढलेलं शेवाळ! मग कोडं उलगडायला लागलं. बैकलचा मोठा हंगाम उन्हाळ्यात नसतो. तो मार्च-एप्रिलमध्ये, बर्फाच्या खाली असतो. बर्फ नितळ, वारा त्यावरचं भुसभुशीत हिम उडवून लावतो, ऊन आरपार खाली पोचतं, आणि त्या गारठ्यात पाण्यातली सूक्ष्म शैवालं उन्हाने फोफावतात. मोठाली, जड, काचेसारख्या कवचाची शैवालं. आमच्या मराठवाड्यात पावसाळा संपल्यावर थंडीच्या जोरावर ज्वारी येते, तसं हे बैकलचं रब्बीचं पीक. बर्फ लवकर फुटला, उशिरा धरला किंवा त्यावर हिमाचे ढीग साचून राहिले, की पीक बुडालं. नंतर उन्हाळ्यात तापलेलं पाणी हलकं होऊन वर तरंगत राहतं, खालच्याशी नीट मिसळत नाही, आणि त्या उबदार थरात बारीक-बारीक दुसरी शैवालं माजतात. पाणी हिरवं दिसतं, पण एपिशुराला हवं ते पीक ते नव्हे.

शिवाय बर्फ गेला की सरोवर स्वतःच जास्त तापायला लागतं. बर्फाने आणि हिमाने परतवून लावलेलं ऊन उघडं काळं पाणी पिऊन टाकतं. लवकर वितळलं म्हणून जास्त तापलं, जास्त तापलं म्हणून उशिरा गोठलं. एवढ्याशा वाढीने कळसूबाई बुडवणाऱ्या पाण्याचं वेळापत्रक कसं हललं, ते यात आहे.

नेर्पाचं मला फार वाटलं. किनाऱ्यावरच्या संग्रहालयात मोठ्या काचेच्या टाकीत दोन होत्या, टपोऱ्या काळ्या डोळ्यांच्या, इतक्या गोल की पोहताना नळकांडी घरंगळत असल्यासारख्या. बाहेर मोकळ्या सरोवरावर ती आई हिवाळ्याच्या अखेरीस बर्फावर साचलेल्या हिमात गुहा करते आणि तिथे पांढऱ्या लवीचं पिल्लू जन्माला घालते. बर्फ हे त्या पिल्लाचं घर, पाळणा आणि छप्पर. छप्पर वेळेआधी वितळलं तर पिल्लू उघड्यावर येतं, कावळ्यांच्या नजरेला पडतं. बर्फ वेळेआधी फुटला तर आईचं दूध पुरतं मिळायच्या आत त्याला पाण्यात उतरावं लागतं. मोठ्या नेर्पांनाही वसंतात जुनी लव टाकायला बर्फच लागतो.

सगळं खापर हवामानावर फोडता येत नाही, हेही इथे दिसतं. लिस्तव्यांकाच्या किनाऱ्याला गेली काही वर्षं उथळ पाण्यात हिरव्या लोंबत्या शेवाळाचे पुंजके माजतात. त्यात मोठा हात वस्तीच्या आणि हॉटेलांच्या सांडपाण्याचा. रंकाळ्याची जी दशा कोल्हापूरकरांनी पाहिली, तिची ही सुरुवात आहे असं वाटून जीव कळवळला. ओमूलचंही तसंच; बेसुमार मासेमारीने तो इतका घटला की 2017 पासून व्यापारी मासेमारीवर बंदी आली. पण या रोगांवर इलाज माणसाच्या हातात, गावाच्या हातात तरी आहे. तापमानाचा इलाज इर्कुत्स्कवाले एकटे करू शकत नाहीत. तो आपल्या सगळ्यांच्या चुलींशी, गाड्यांशी आणि कारखान्यांशी बांधलेला आहे, आणि म्हणून मला तो 1.21 अंशांचा आकडा परक्या देशाचा वाटला नाही.

बैकल यात एकटं नाही. 1985 ते 2009 या काळात जगभरच्या 235 सरोवरांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा उन्हाळ्यातलं वरचं पाणी दर दहा वर्षांना सरासरी 0.34 अंशांनी तापताना दिसलं. जपानमध्ये सुवा नावाचं सरोवर आहे. ते गोठलं की बर्फ फुटून उभा वरंबा येतो, तो देवाच्या पावलांची वाट समजतात. तिथले पुजारी 1443 पासून गोठण्याची तारीख लिहून ठेवत आलेत. पूर्वी एखादाच हिवाळा कोरडा जायचा. आता देवाची वाट क्वचितच उमटते. आणि आपलं लोणार? जून 2020 मध्ये ते एकाएकी गुलाबी झालं, लोक फोटो काढायला धावले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मीठ आवडणारे सूक्ष्मजीव माजले, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत दिसलं. सरोवरं सखल जागी असतात. सगळ्या खोऱ्याचं पाणी, माती, ऊन, वारा शेवटी त्यांच्यात येऊन साठतो आणि पाणी ऊब लवकर सोडत नाही. लोणारच्या काठी कोझोवांसारखं कुणी दर दहा दिवसांनी उतरून पिढ्यान्‌पिढ्या वही लिहीत राहिलं, तर त्या गुलाबी रंगाच्या मागची-पुढची सगळी हकीगत आपल्याला वाचता येईल. खरंच कुणीतरी लिहावी.

परतीच्या वाटेवर भेग आडवी आली. जाताना नव्हती. वीतभर रुंद, आत काळं पाणी लपलप करतंय, आणि ती दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर गेलेली. चालक उतरले. टपावर बांधलेली लोखंडी पहार काढली. तिच्यावर टिकावाच्या धारेने पाडलेल्या खुणा होत्या, वितीच्या अंतराने. त्यांनी कडेला घाव घालून पहार खाली घातली आणि खूण बघितली. अजून भक्कम होतं. आमच्या दुभाषीला मी विचारायला सांगितलं, वडिलांच्या वेळी ही पहार कुठपर्यंत जायची? त्यांनी अंगठा एका खुणेवर ठेवला, चांगला वरच्या. वडील एप्रिलच्या शेवटापर्यंत बर्फावरून गवत आणायचे, म्हणाले. मी मार्च संपत आला की गाडी काढतच नाही.

मग त्यांनी जाड फळ्या भेगेवर टाकल्या, पायाने दाबून पाहिल्या, आणि आम्हा सगळ्यांना चालत पलीकडे पाठवलं. गाडी रिकामी, दारं सताड उघडी, सावकाश आली. फळ्या करकरल्या. पुढची चाकं आली, मागची आली. आम्ही फळ्या उचलून टपावर टाकेपर्यंत ते हॉर्न वाजवायला लागले होते. चला, बसा लवकर, ऊन चढतंय, पुढे आणखी दोन भेगा आहेत.